वर उभं राहायला मनाई आहे: २६ जुलैच्या रात्रीच्या एका डबलडेकरचं प्रकरण

हे प्रकरण एका बसचं आहे. मंगळवार, २६ जुलै २००५, मुंबईतल्या महापुराचा दिवस. कुर्ला स्टेशनहून सांताक्रूझला निघालेली बेस्टची डबलडेकर कलिन्याजवळ सीएसटी रोडवर पाण्यात अडकली आणि आतल्या माणसांनी अख्खी रात्र वरच्या मजल्यावर काढली. बसमधलं कोणी दगावलं नाही, कोणी कोणाला खांद्यावर घेऊन पोहत गेलं नाही, पेपरात दोन ओळीही आल्या नाहीत. त्या दिवशी शहरात जे घडलं त्याच्यापुढे ही गोष्ट किरकोळच. तरी ती नीट लिहून ठेवावीशी वाटली, कारण त्या रात्री त्या मजल्यावर खूप हसणं झालं आणि त्या हसण्याने कामं केली. एकमेकांची ओळखदेख नसलेल्या, कोणीच कोणाचा साहेब नसलेल्या माणसांनी बसायचं कुठे, खायचं काय, लघवीला जायचं कसं, हे सगळं थट्टेथट्टेत ठरवलं. कोणी सरळ हुकूम सोडला असता तर ‘तू कोण मला सांगणारा?’ म्हणून पहिल्या तासातच जुंपली असती. तोच हुकूम विनोदाचे कपडे घालून आला आणि लोकांनी मुकाट पाळला. माझं म्हणणं तेवढंच आहे, पण ते पटायचं तर तपशिलात शिरावं लागेल.

माझी मामी त्या बसमध्ये होती. ती तेव्हा कुर्ल्यातल्या एका शाळेत शिक्षिका होती. तिच्याशिवाय खालच्या मजल्याचे कंडक्टर (आता निवृत्त), नळाच्या फिटिंगचे नमुने घेऊन फिरणारे एक विक्रेते आणि तेव्हा कॉलेजात असलेली एक मुलगी, यांच्याशी बोलून हे लिहिलं आहे. उजाडल्यावर पांगताना त्यांनी एकमेकांचे नंबर तिकिटांच्या मागे लिहून घेतले होते, म्हणून ही माणसं सापडली. नावं कोणाचीच देत नाही.

पाऊस आणि रस्ता

त्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. कुलाब्याला त्याच वेळात जेमतेम ७३. एकाच शहरात एवढा फरक पडल्याने दक्षिण मुंबईतल्या ऑफिसांत बसलेल्यांना उपनगरात काय चाललंय याचा अंदाजच आला नाही, आणि उपनगरातल्यांनाही ‘आज जरा जास्तच लागलाय’ यापलीकडे काही वाटलं नाही. दुपारी अडीचनंतर मात्र आभाळ फाटलं. चारला दहा मिनिटं कमी असताना समुद्राला भरती होती, ४.४८ मीटरची. शहराची पावसाळी गटारं तेव्हा ताशी २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या बेताने बांधलेली, आणि तेही ओहोटी असेल तर. भरतीच्या वेळी पाणी समुद्रात जायचं सोडाच, उलट आत येतं.

सीएसटी रोड मिठी नदी ओलांडून जातो. विहार आणि पवई तलावांतून सांडणारं पाणी घेऊन ही नदी साकीनाका, कुर्ला, कलिना असं करत माहीमच्या खाडीला मिळते. आमच्यातल्या बहुतेकांना तोवर ती नदी आहे हेच माहीत नव्हतं. नाला म्हणायचे सगळे. त्या दिवशी तिने आपली जागा परत घेतली आणि वर थोडी शेजाऱ्यांचीही घेतली.

बसमधली माणसं

बेस्टच्या डबलडेकरला तेव्हा दोन कंडक्टर असत, एक खाली, एक वर. दोघांचं कार्यक्षेत्र वेगळं. तिकिटांची पत्र्याची पेटी वेगळी, हिशेबही वेगळा. हा तपशील पुढे कामाला येणार आहे.

प्रवाशांत शाळा लवकर सोडून निघालेल्या दोन बाई होत्या. रिकामी पाटी घेऊन परतणारी एक कोळीण होती, तिला सगळे मावशी म्हणत होते. नळाचे नमुने भरलेली जड बॅग घेतलेले विक्रेते, कॉलेजची तीन-चार मुलं, एक शिंपी, बँकेत शिपाई असलेले एक आजोबा, आणि नुकतंच लग्न झालेला, कुर्ल्यात तळमजल्यावर भाड्याने राहणारा एक तरुण. बाकी ऑफिसं सुटून निघालेले नेहमीचे लोक. मराठी, हिंदी, गुजराती, थोडं तेलुगू.

बस पावणेतीनच्या सुमारास सुटली आणि चारच्या आसपास कायमची थांबली. पुढेमागे गाड्या, रिक्षा, ट्रक. इंजिनात पाणी गेलं. ड्रायव्हर आपल्या केबिनमधून कमरेएवढ्या पाण्यात उतरून, बसला वळसा घालून मागच्या दाराने आत आले. ते म्हणाले, “आता मीपण पॅसेंजरच.”

मजला एक, माणसं दोन मजल्यांची

साडेपाचपर्यंत खालच्या मजल्यावरच्या सीटांना पाणी लागलं आणि खालचे सगळे जिन्याने वर आले. इथे पहिला पेच उभा राहिला. वरचे आधीपासून ऐसपैस बसलेले. कोणी मांडीवर पिशवी, कोणी शेजारच्या सीटवर ओली छत्री. खालून आलेले जिन्यात आणि मधल्या वाटेत दाटीवाटीने उभे. कोणी उठेना. ‘आम्ही आधी आलो’ हा मुंबईतल्या प्रवासाचा मूळ कायदा, आणि पुरातही कोणाला तो मोडावासा वाटत नव्हता.

वरच्या मजल्यावर उभ्याने प्रवास करायला मनाई असते. तशी पाटीच असे. वरचे कंडक्टर त्या पाटीकडे बोट दाखवून गंभीर चेहऱ्याने म्हणाले, “वर उभं राहायला मनाई आहे. एवढी माणसं उभी दिसली तर माझी नोकरी जाईल. आता तुम्हीच सांगा, नोकरी वाचवायची का नाही?” लोक हसले. मग ते एकेका सीटशी जाऊन “नोकरी वाचवा, नोकरी वाचवा” म्हणत माणसं सरकवत गेले. दोघांच्या सीटवर तिघं बसले, लहानखुऱ्या अंगाचे असतील तर चौघं.

तरी माणसं उरलीच. तेव्हा खालचे कंडक्टर पुढे झाले. ते मला म्हणाले, “आमचे पॅसेंजर पाहुण्यासारखे कोपऱ्यात उभे होते. त्यांच्या बाजूने कोणीतरी बोलायला नको का?” त्यांनी वरच्या कंडक्टरशी खोटं खोटं भांडण काढलं. “ही माझी माणसं आहेत, तिकीट मी फाडलंय, यांना तोशीस लागली तर मी डेपोत तक्रार करीन.” वरच्याने उत्तर दिलं, “माझ्या हद्दीत आलात, आता माझा कायदा.” दोघांनी भर बसमध्ये तहाची बोलणी केली आणि शेवटी ठरलं की पाळ्या लावायच्या. काही जण मधल्या वाटेत खाली बसतील, दोन तासांनी सीटवरच्यांशी अदलाबदल. कोणाचं घड्याळ धरायचं यावरूनही पाच मिनिटं हुज्जत झाली. सगळ्यांना माहीत होतं की हे नाटक आहे, आणि नाटकात ठरलेली ही पाळी रात्रभर मोडली नाही.

मला इथे एक गोष्ट महत्त्वाची वाटते. खालच्या लोकांनी स्वतः जागा मागितली असती तर ती याचना झाली असती, वरच्यांनी आपणहून दिली असती तर उपकार. दोन गणवेशधारी माणसांच्या लुटुपुटुच्या भांडणात ती वाटणी होऊन गेली आणि कोणालाच कमीपणा आला नाही.

नळवाले

विक्रेत्यांच्या बॅगेत पितळी आणि क्रोमचे नळ होते. बॅग जड, ती ठेवायला जागा नाही, म्हणून ते ती छातीशी धरून बसले होते. कोणीतरी विचारलं यात काय आहे. नळ आहेत, म्हणाले. त्यावर एकाने खिडकीबाहेर बघत म्हटलं, “मग एखादा वरचा बंद करून बघा की!”

हा त्या रात्रीचा सगळ्यात गाजलेला विनोद. पण तो केला कोणी? मामी म्हणते शिंप्याने. कंडक्टर म्हणतात, “मीच म्हणालो.” कॉलेजची मुलगी सांगते की तिच्या मैत्रिणीने. आणि नळवाले छातीवर हात ठेवून सांगतात की तो त्यांनी स्वतःच स्वतःवर केला होता. मी कोणाची उलटतपासणी केली नाही. वाक्य एक आणि मालक चार, आणि चौघांनाही मनापासून खात्री आहे.

त्या विनोदाचा उपयोग मात्र खरा झाला. बॅग उघडली गेली, नळ हातोहात फिरले, “हा कितीला?”, “गॅरंटी आहे का?” असं सुरू झालं, आणि तोवर तोंडातून शब्द न काढलेली माणसं बोलायला लागली. त्याआधीच्या दीड तासात सगळे आपापल्या खिडकीला नाक लावून बसले होते, असं मामी सांगते. फोन बंद पडले होते, घरी कळवायची सोय नव्हती, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपल्याच घरी जास्त पाणी शिरलं असेल.

सांताक्रूझ बघा

आता मुद्द्याचं. ज्या गोष्टीविषयी अशा रात्रींच्या वर्णनांत कोणी लिहीत नाही, तीच माझ्या मते या प्रकरणाचा गाभा आहे.

पुरुषांचा प्रश्न जिन्याने सोडवला होता. खालच्या पायऱ्या पाण्यात होत्या, तिथे जाऊन उभं राहायचं, पाण्यात पाणी. बायका दुपारपासून थांबल्या होत्या. त्या दुपारी घरून किंवा कामावरून निघाल्या तेव्हा तासाभरात पोचू या हिशेबाने निघालेल्या. मामीच्या शब्दांत, “साडेसातपर्यंत मी देवाला नवस बोलायच्या बेतात होते.” तिच्याबरोबरच्या बाई पाय एकमेकांवर घट्ट दाबून बसल्या होत्या आणि कोणी काही विचारलं तर मानेनेच हो-नाही करत होत्या. कॉलेजची मुलगी तर रडायला आली होती, आणि रडण्याचं कारण कोणाला सांगता येत नव्हतं. बसमधल्या तिच्या बरोबरीच्या मुलांना वाटलं ती घाबरली आहे. ते बिचारे तिला धीर देत होते.

मावशी उठल्या. आपली पाटी डोक्यावरून हातात घेतली आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, “ओ पुरुष मंडळी! समद्यांनी पुढं बघा. सांताक्रूझ दिसतंय का बघा. दिसेपर्यंत मान वळवायची नाय. जो वळंल त्याला या पाटीत भरीन आन उद्या बोंबील म्हणून इकीन.”

आधी हशा पिकला, मग लख्ख उजेड पडला की ह्या काय म्हणताहेत. सगळे पुरुष पुढच्या मोठ्या काचेकडे तोंड करून बसले. त्या काचेतून दिसत काहीच नव्हतं, वीज गेलेली, नुसता काळोख आणि पाऊस. मावशींचा पुढचा हुकूम आला: “आन गप नका बसू. गा काहीतरी.” कोणाला काय येतं याचा मेळ बसेना, तेव्हा गणपतीची आरती सुरू झाली, गणपतीला अजून दीड महिना असताना. ज्यांना मराठी येत नव्हतं त्यांनी टाळ्या धरल्या. मागे जिन्याच्या तोंडाशी तीन छत्र्या उघडून आडोसा केला होता, दोघी छत्र्या धरायच्या आणि एकेक जण खाली जायची. आरती संपली तरी रांग संपली नव्हती, म्हणून ती पुन्हा पहिल्यापासून झाली. बँकेतल्या आजोबांनी मध्येच विचारलं, “मावशी, आता वळू का? मान धरली.” “मंग मान तशीच ऱ्हाऊ द्या, सांताक्रूझ लांब हाय.”

पुढे रात्रभर हा शब्द चालू राहिला. कोणा बाईला जायचं असेल की ती नुसती म्हणायची, “सांताक्रूझ!” आणि पन्नास डोकी पुढे वळायची. कॉलेजची मुलगी (ती आता चाळिशीला आलेली बाई आहे, पण माझ्या डोक्यात ती मुलगीच राहिली आहे) मला म्हणाली की खरं कारण तोंडाने सांगायची वेळ आली असती तर ती सकाळपर्यंत तशीच बसून राहिली असती, आजारी पडली असती. ‘सांताक्रूझ’ मात्र तिला बिनदिक्कत म्हणता आलं. पहाटे तर ती ते ओरडून म्हणाली, असं मामीने पुरवलं.

खाणं, पाणी, फोन

हे थोडक्यात. सीएसटी रोडच्या त्या पट्ट्यात गॅरेजांची आणि मोटारींच्या सुट्या भागांची दुकानं आहेत. रात्री नऊच्या सुमारास तिथली पोरं ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबा आणि दोर घेऊन पाण्यात उतरली. अडकलेल्या गाड्यांतून माणसं काढून आजूबाजूच्या मजल्यांवर पोचवत होती. बसवाल्यांना त्यांनी सांगितलं की तुम्ही उंचावर आहात, तुम्हीच सगळ्यात बरे, थांबा तिथेच. मग दोराला पिशवी बांधून खिडकीतून पाव, ग्लुकोजची बिस्किटं आणि पिशवीतला चहा वर पाठवला. कोणी पैसे विचारले तर म्हणाले, उद्या. प्यायला पावसाचं पाणी होतं, छत्री उलटी करून खिडकीबाहेर धरायची. छत्रीच्या कापडाचा वास लागायचा त्याला. ‘मिनरल वॉटर, काळा फ्लेवर’ असं त्याचं नाव पडलं.

एकाच फोनला मध्यरात्री थोडी रेंज आली. सगळ्यांनी एकेक वाक्य बोलायचं ठरलं. एकाने घाईघाईत बायकोला सांगितलं, “काळजी करू नकोस, मी वर पोचलोय.” पलीकडून जी किंकाळी आली ती सगळ्यांनी ऐकली. त्याला वाक्य दुरुस्त करायला दुसरी संधी दिली गेली, नियमाला अपवाद म्हणून.

जो विनोद चालला नाही

आता त्या तरुणाचं. दहाच्या सुमारास तो उठून जिन्याकडे निघाला. घर तळमजल्यावर, बायको एकटी, ती गावाकडून येऊन जेमतेम काही महिने झालेले, तिला पोहता येत नाही. तो हे सगळं सलग, एका दमात बोलला. बसमध्ये तेव्हा हशाचा माहोल होता, रुळलेला. त्या भरात मागच्या बाजूने कोणीतरी म्हणालं, “नवीन लग्न आहे ना, एक रात्र दम निघेना होय?”

हसले लोक. मामी कबूल करते की तीही हसली. तरुण काही बोलला नाही. खाली दोन पायऱ्या उतरून पाण्यात पाय घालून उभा राहिला, आणि त्याच्या पाठीकडे बघूनच सगळ्यांना कळलं की काहीतरी चुकीचं घडलंय. मावशी नुसतं “गप रे” म्हणाल्या. कोणाला, ते नक्की नव्हतं. बहुधा सगळ्यांनाच.

मग ड्रायव्हर त्याच्याजवळ जाऊन बसले आणि अजिबात गंमत न करता बोलले. रस्त्यावरच्या गटारांची झाकणं निघालेली असतात, वरून दिसत नाहीत. काळोखात एकट्याने गेलास तर पोचशील याची खात्री नाही. गॅरेजची पोरं फिरताहेत, ती आली की दोर धरून त्यांच्याबरोबर जा. तरुण थांबला. अकरा वाजून गेल्यावर पोरं आली, त्यांच्या ट्यूबला धरून तो कुर्ल्याच्या दिशेने गेला. त्याच्या पायातली चप्पल जिन्यात राहिली होती, ती शिंप्याने उचलून सीटखाली ठेवली.

त्यानंतर बराच वेळ कोणी कोणाची थट्टा केली नाही. कोंडी फोडली मामीने, तीही शिक्षिकेच्या पद्धतीने. “चला, एकोणतीसचा पाढा कोणाला येतो?” कोणालाच येत नव्हता. कॉलेजच्या मुलांना सत्त्यापाशी घाम फुटला. गुजराती काकांनी आपल्या भाषेत म्हणून दाखवला, तर कोणीतरी तो बरोबर आहे का हे तपासायला कंडक्टरच्या हिशेबाच्या कागदावर गुणाकार करत बसलं. या थट्टेत एकही माणूस लक्ष्य नव्हता, सगळेच सारखे नापास. त्या घटनेनंतर तेवढंच चालण्यासारखं होतं, आणि मामीने ते नेमकं ओळखलं. वर्गात एखाद्या पोराला सगळे हसले की तास सावरायचा कसा, हे तिला तीस वर्षांच्या सवयीने येत होतं.

यातून काय दिसतं

हे किस्से मी घरी वाचून दाखवले तेव्हा माझा मुलगा म्हणाला, “यात हसण्यासारखं काय आहे?” त्याचं बरोबरच आहे. ‘नोकरी वाचवा’ हे वाक्य कोरड्या कपड्यांत ऐकलं तर फारसं विनोदी नाही. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकन शास्त्रज्ञाने माणसं रोजच्या व्यवहारात कधी हसतात याच्या नोंदी केल्या, तेव्हा त्याला आढळलं की हशाच्या आधी बोलली गेलेली वाक्यं दहापैकी आठ-नऊ वेळा विनोदी नसतातच. ‘बरं, निघतो मी’ असल्या वाक्यांवर माणसं हसतात. आणि एकटं असताना हसतात त्याच्या सुमारे तीसपट चारचौघांत हसतात. हसणं हा मुख्यतः ‘मी तुमच्यातला आहे’ हे सांगायचा मार्ग आहे. बसमध्ये हेच चाललं होतं. ‘नोकरी वाचवा’वर हसलेल्या माणसाने आपण सरकायला तयार आहोत हे हसूनच सांगितलेलं असायचं, प्रत्यक्ष सरकणं ही त्यानंतरची गोष्ट.

रॉड मार्टिन या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये विनोदाचे चार प्रकार मांडले: माणसं जोडणारा, स्वतःला सावरणारा, दुसऱ्याला बोचणारा आणि स्वतःला हीन लेखणारा. बसमध्ये पहिले दोन भरपूर होते. तिसरा एकदाच आला, आणि तो आला ते आधीच्या यशाच्या जोरावर. मला हे जास्त विचार करायला लावतं. पाच तास सगळं हसण्यावर निभावलं होतं, त्यामुळे समोरचा माणूस खरोखर घाबरलाय हे ऐकायलाच कोणी तयार नव्हतं. विनोदाने जी जवळीक आणली, तिनेच कान बंद केले.

आणखी एक. हुकूम विनोदात गुंडाळून सोडणारे तिघे, म्हणजे दोन कंडक्टर आणि मावशी, रोज अनोळखी गर्दी हाताळणारे होते. ‘पुढे चला’ हे दिवसातून शेकडो वेळा म्हणून कोणी चिडणार नाही अशा सुरात म्हणणं, किंवा भाव पाडणाऱ्या गिऱ्हाइकाला टोला हाणूनही गिऱ्हाईक टिकवणं, ही कमावलेली कला आहे. बसमध्ये शिकलेसवरलेले, हुद्द्याचे लोकही असणारच. त्यांनी त्या रात्री काही व्यवस्था लावल्याचं चौघांपैकी एकालाही आठवत नाही.

सकाळ आणि त्यानंतर

पहाटे पाणी उतरायला लागलं आणि सातच्या सुमारास माणसं खाली उतरून चालत निघाली. उतरताना कोणीतरी खालच्या कंडक्टरना तिकीट दाखवून म्हणालं, “सांताक्रूझपर्यंतचं आहे, पोचवलं नाहीत.” ते म्हणाले, “रात्रभर राहिलात, लॉजिंगचे पैसे मागत नाही तेच पुष्कळ समजा.” आपली पत्र्याची पेटी त्यांनी रात्रभर मांडीवर ठेवली होती, तिकिटांच्या गड्ड्या शर्टाच्या आत. डेपोत हिशेब पैशाला पैसा जुळला, हे सांगताना ते अजूनही खुर्चीत सरळ होऊन बसतात.

रस्त्यावर जे दिसलं त्यावर कोणी विनोद केला नाही. मेलेली जनावरं, उलटलेल्या रिक्षा, बंद काचांच्या मोटारी. राज्यभरात त्या पावसाने हजारावर माणसं गेली. साकीनाक्याला वस्तीवर दरड कोसळली. दोन दिवसांनी पाण्याची लाट येतेय अशी अफवा उठून जुहूजवळच्या वस्तीत चेंगराचेंगरी झाली, त्यातही माणसं मेली. मग लेप्टोच्या तापाची साथ.

आणि त्याच आठवड्यात ‘मुंबई स्पिरिट’चं कौतुक सुरू झालं. बसमधल्या चौघांनाही त्या शब्दाचा राग आहे, मलाही आहे. पावसाळी गटारांची क्षमता दुप्पट करा असं सांगणारा ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल १९९३ पासून पालिकेकडे होता. मिठी नदीसाठी प्राधिकरण नेमलं गेलं ते त्या पुरानंतर. ‘एखादा वरचा बंद करून बघा’ असं भिजलेल्या माणसाने म्हणणं वेगळं, आणि ज्याच्या हातात खरोखर नळ होते त्याने भिजलेल्यांची पाठ थोपटणं वेगळं.

तो तरुण घरी पोचला होता. बायको शेजाऱ्यांच्या पोटमाळ्यावर सुखरूप होती, घरातलं मात्र काही उरलं नाही, लग्नातल्या वस्तूंसकट. काही महिन्यांनी तो खालच्या कंडक्टरना त्याच मार्गावर भेटला. त्यांनी ओळखलं, बाकीच्यांचे नंबर देऊ केले, चपलेचीही आठवण काढली. त्याने नंबर घेतले नाहीत. तो म्हणाला की त्या बसमधलं आपल्याला एकच वाक्य आठवतं, आणि दम निघण्याबद्दलचं ते वाक्य त्याने जसंच्या तसं म्हणून दाखवलं.

ते कोण बोललं होतं, हे मी चौघांनाही विचारलं. कोणालाच आठवत नाही.